पाच शून्यं, मग आपला नंबर

थंडी पडली की आमच्याकडच्या लोकांना हुरडा आठवतो. मला झोपलेली माणसं आठवतात. बाकावर पाठ ताठ ठेवून, डोळे टक्क उघडे ठेवून झोपलेली माणसं. तुम्ही म्हणाल, डोळे उघडे ठेवून कुणी झोपतं का? वरवंडच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये पोलीसभरतीची एक अकॅडमी होती. तिथे सकाळी आठच्या गणिताच्या तासाला तुम्ही यायला हवं होतं. तो तास माझा असायचा.

यंदाही थंडी पडली आहे. दौंडात माझ्या घरामागच्या रस्त्यावरून पहाटे पळणाऱ्या पावलांचा आवाज येतो. आधी दोन जण असायचे, आता आठ-दहा तरी असावेत. म्हणजे भरतीची जाहिरात निघाली किंवा निघणार अशी आवई उठली. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकते. कुणाचा पाय टाचेवर आपटतोय, कुणाच्या बुटाचा तळ सुटलाय, हे मला आता कळतं. कळून उपयोग काही नाही. गुडघे दुखतात, उठावंसं वाटत नाही, आणि तरी झोपही पुन्हा लागत नाही.

त्या अकॅडमीत मी सहा हिवाळे शिकवलं. त्याआधी बऱ्याच शाळांत शिकवलं, पण कायमची कुठेच झाले नाही. जागा निघायची आणि तिथे आधीच कुणाचा तरी भाचा बसलेला असायचा. मग एके दिवशी मीही रांगेत उभं राहायचं सोडलं. अकॅडमीवाले म्हणाले, गणित आणि बुद्धिमत्ता घ्या, रोज दोन तास. दौंडहून एसटीनं जायचं, हायवेला उतरायचं, आणि कालव्याच्या भरावावरून पंधरा मिनिटं चालायचं. दोन्ही बाजूंना ऊस, मागे कुठल्या तरी गुऱ्हाळाचा गोडसर धूर, आणि रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून चाललेले ट्रॅक्टर. वास अजून नाकात आहे. गुळाचा धूर, ओले बूट आणि दुखऱ्या पोटऱ्यांवर चोळलेलं मलम, या तिन्हींचा मिळून.

तिथे सगळ्यांना कॅडेट म्हणायचे. संचालकांची तशी आज्ञाच होती. घरी वैरण कापणारा पोरगा गेटातून आत आला की कॅडेट. पाहुण्यांत भाकऱ्या थापायला पुढे असणारी पोरगी आत आली की कॅडेट. प्रत्येकाच्या बनियनवर छापलेला चेस्ट नंबर. मैदानावर नाव कुणी घ्यायचं नाही. "ए अठरा, गुडघा वर!" "बावीस, हात सैल सोड!" मलाही ते सोयीचं वाटलं. साठ जणांची नावं लक्षात ठेवायलासुद्धा ताकद लागते, आणि ती मी त्या काळात घरीच ठेवून निघायचे.

मैदान हमीद उस्तादांचं. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पिढ्यान्‌पिढ्या वरवंडचे. लष्करात कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, तेच नाव गावातही चिकटलं होतं. पहाटे साडेचारला त्यांची शिट्टी. मग भरावावरून लांब दौड, मग छोट्या दौडी, मग गोळाफेक, मग जोर-बैठका. सात वाजता भिजवलेले हरभरे, केळी, उकडलेली अंडी. आणि आठला मी. दोनशे मीटर लांबीची रेल्वेगाडी तीनशे मीटरचा पूल किती वेळात ओलांडेल, हे मी फळ्यावर लिहायचे. गाडी पुलावर चढेपर्यंत निम्मा वर्ग बोगद्यात गेलेला असायचा.

सुरुवातीला मला कळायचंच नाही. पोरं समोर बघतायत, मान सरळ आहे, कुणी पेंगत नाहीये. मग प्रश्न विचारला की समजायचं, आत कुणी नाही. ही विद्या त्यांनी मैदानावरच कमावली होती. उस्ताद 'सावधान' म्हणाले की टाचा जुळवायच्या, मुठी बंद, छाती पुढे, नजर समोर. नजर समोर म्हणजे कशावरही नाही. माशी नाकावर बसली तरी बघायचं नाही. दहा-दहा मिनिटं तशी उभी राहून ती पोरं शरीर जागं ठेवून बाकीचं घर बंद करायला शिकली होती, आणि तेच दार ओढून घेऊन माझ्या वर्गात बसायची.

एकदा मी तणतणत मैदानावर गेले.

"उस्ताद, पोरं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्यात काही उरलेलंच नसतं. दोन फेऱ्या कमी करा."

"मॅडम, ग्राउंड निघाल्याबिगर लेखीला कोण बसू देतंय? आधी ग्राउंड, मग तुमची गणितं."

"आणि लेखीत उडाली म्हणजे?"

"मग पुढल्या साली परत ग्राउंड," ते हसले. मग बहुधा माझा चेहरा बघून जरा मऊ झाले. "राग मानू नका. पर पळून पळून येडा झालेला माणूस मी बघितला न्हाई. बसून बसून झालेली लई बघितली."

मी बसून शिकवणारी बाई. हे मला लागलं, आणि लागल्याचं दाखवायचं नव्हतं म्हणून मी शेडकडे वळले. माणूस शहाणा आहे हे मात्र त्याच दिवशी कळलं.

त्या वर्षी एक्केचाळीस नंबर होता प्रतीक्षाचा. ती कासुर्डीची. मुलींत सगळ्यांत वेगानं पळायची, आणि खरं तर निम्म्या मुलांच्याही पुढे. तिच्या नावावरून पोरं चिडवायची. म्हणायची, हिचं सिलेक्शन झालं तरी वेटिंग लिस्टलाच होणार, आईबापानं आधीच लिहून ठेवलंय. ती हसायची नाही आणि चिडायचीही नाही. पुढल्या फेरीला त्यांना मागे टाकायची, एवढंच.

आणि गणितात तीच पोरगी दगड. एकदा मी विचारलं, "एक्केचाळीस, उत्तर सांग." ती ताडकन उभी राहिली. टाचा जुळलेल्या, मुठी बंद. शेड दणाणेल असा आवाज.

"येस मॅडम!"

"उत्तर?"

"तिसरी फेरी चालू हाय, मॅडम!"

सगळा वर्ग जागा झाला, इतका हसला. तिला कळेचना काय झालं. मग कळलं, आणि ती खाली बसली, आणि तास संपेपर्यंत वहीतून वर बघितलं नाही. मलाही हसू आलं होतं. त्याचं मला नंतर वाईट वाटलं.

तास सुटल्यावर ती फळ्यापाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, मला झोप येत न्हाई. खोटं न्हाई बोलत. पळताना माझं डोकं लई चालतं. थांबलं की बंद पडतं."

"मग अभ्यास कसा होणार, बाई?"

"त्येच इचारतीय." मग जरा थांबून म्हणाली, "ही भरती शेवटची हाय माझी. पुढल्या भरतीला वय बसत न्हाई. आमचे आप्पा शिरूरकडं कंपनीत हायेत. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यांना आत्तापास्नं सांगत्यात, तुमची कंपनीची वर्दी, माझ्या पोरीची सरकारी आसंल म्हणून. त्यांना म्हनलं सांगू नका, तरी सांगत्यात."

तिचं एवढंच होतं, आणि ते सगळं त्या एका हिवाळ्यात बसवायचं होतं.

मी हे उस्तादांना सांगितलं. त्यांनी फार विचार केला नाही. "थांबल्यावर डोकं बंद पडतंय म्हणती ना? मग थांबवू नका तिला."

आणि मग भरावावर ते सुरू झालं. मी एका कागदावर तीसपर्यंतचे वर्ग लिहून दिले. उस्तादांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला. सायकलवरून पोरांच्या बाजूनं जात ते ओरडायचे, "सतरा?" आणि पळणारी साठ तोंडं धापा टाकत, वाफा सोडत म्हणायची, "दोनशे एकोणनव्वद!" "तेवीस?" "पाचशे एकोणतीस!" पहिल्या आठवड्यात दम आणि आकडा दोन्ही एकदम सुटायचे. मग जमलं. पाऊल आणि आकडा एका तालात पडायला लागले. पाण्याची पाळी धरायला आलेले एक आबा रोज बांधावर उभे राहून ऐकायचे. एक दिवस मला म्हणाले, "बाई, आमच्या वक्ताला मास्तर मारायचा तरी पाढं येत न्हवतं. ह्यांस्नी पळवून येत्यात व्हय? आमच्या नातवाला पाठवू का?"

उस्तादांनी माझं ऐकलं, म्हणून मीही त्यांचं थोडं ऐकलं. आठ वाजता वर्गात आल्यावर मी 'विश्राम' म्हणायचे. वीस मिनिटं डोकी बाकावर, डोळे बंद. राजरोस झोप. पत्र्यावर ऊन चढायचं, पत्रा तडतडायचा, कुणाचं तरी बारीक घोरणं चालायचं. खोटं कशाला सांगू, मीही खुर्चीत मान टाकायचे. ती वीस मिनिटं पोरांसाठी किती होती आणि माझ्यासाठी किती, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. पण उठल्यावर समोर माणसं असायची. प्रश्न विचारला की कुणीतरी आत असायचं. प्रतीक्षा तर कोड्यात सापडलेला शब्द पकडावा तशी गणितं पकडायला लागली. चाळीस मार्कांत अडकणारी पोरगी साठावर गेली, मग सत्तरावर. उत्तर सांगताना बाकाखाली तिचे पाय जागच्या जागी चाललेले असायचे. मी ते बघितलं न बघितल्यासारखं करायचे.

शिक्षकाच्या आयुष्यात असे दिवस फार नसतात. मला वाटलं, बरं झालं इतकी वर्षं कुठे कायम झाले नाही.

दर रविवारी सराव परीक्षा असायची. खऱ्या परीक्षेत उत्तरं लिहायची नसतात, पेनानं गोल काळे करायचे असतात. त्या कागदाच्या डोक्यावर सात चौकोन असतात. त्यात आपला बैठक क्रमांक भरायचा, आणि त्याखालचे गोल त्याप्रमाणे काळे करायचे. नंबर चुकला की पेपर कुणाचाच नसतो. मी तसेच कागद छापून आणायचे. खरं म्हणजे मी साठ जणांना साठ खोटे बैठक क्रमांक द्यायला हवे होते, दर आठवड्याला नवे, म्हणजे समोरच्या कागदावरून बघून उतरवायची सवय लागली असती. पण मग ते साठ नंबर मला वेगळे लिहून ठेवायला लागले असते, पेपर तपासताना शोधायला लागले असते. रविवार तेवढा एकच मिळायचा. मी म्हटलं, चेस्ट नंबरच घाला. दोन आकड्यांचा नंबर, चौकोन सात. मग आधी पाच शून्यं, मग आपला नंबर.

उस्तादांना ते वाक्य फार आवडलं. त्यात त्यांना कवायत दिसली. एका रविवारी ते स्वतः शेडमध्ये येऊन उभे राहिले आणि हुकूम सोडला, "पेन उचल! पाच शून्यं!" साठ पेनं एकदम खाली आली. "मग आपला नंबर!" पुन्हा साठ पेनं. दर रविवारी तसंच व्हायला लागलं. कुणी चुकायचं नाही, कुणी मागे राहायचं नाही. मी दारात उभी राहून बघायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आज लिहिताना लाज वाटते.

साठ जणांत एकटीनं विचारलं होतं. पेपर गोळा करताना प्रतीक्षा म्हणाली, "मॅडम, खऱ्या पेपरात हॉलतिकिटावरचा नंबर आसतो ना?"

मी गठ्ठा सारखा करत म्हणाले, "हो. ते तेव्हा बघू."

त्या काळात 'बघू' हा माझा लाडका शब्द होता. घरी, दारी, डॉक्टरकडे, सगळीकडे बघू. दमलेल्या माणसाचा तो जपच असतो.

मग ग्राउंड झालं. प्रतीक्षाचं ग्राउंड पूर्ण मार्कांनी निघालं. उस्तादांनी यवतहून पेढे आणले आणि सगळ्या वर्गाला वाटले. मला दोन दिले. म्हणाले, "एक तुमच्या वीस मिनिटांचा." पुढे लेखी झाली. संध्याकाळी ती अकॅडमीत आली ती उड्या मारतच. पुलावरच्या गाडीचं गणित आलं होतं आणि तिला ते आलं होतं. चार दिवसांनी उत्तरं जाहीर झाली, तिनं ताळा करून बघितला, शंभरात एक्क्याऐंशी. तिच्या आप्पांनी त्या आठवड्यात शिरूरच्या गेटवर काय काय सांगितलं असेल कोण जाणे.

यादी लागली त्या दिवशी शेडमध्ये एकच गलका होता. सगळे मोबाईलवर वाकलेले. सोळा नंबरचं झालं, अठराचं झालं. प्रतीक्षापेक्षा पंधरा मार्क कमी असलेल्या एकीचं झालं. तिचं नाव निवड यादीत नाही. वेटिंगलाही नाही. मग कुणीतरी खालची यादी उघडली. ज्यांचे पेपर बाद झाले, त्यांची यादी.

"छपाईची चूक असंल," उस्ताद म्हणाले. "एक्क्याऐंशी मार्कवाला बाद कसा व्हईल?"

मला रविवारचे कागद आठवले. मी विचारलं, "प्रतीक्षा, नंबराच्या चौकोनात काय भरलं होतंस?"

मला वाटतं, मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा नावानं हाक मारली.

ती ताठ उभी राहिली, आणि रविवारच्या त्या आवाजात म्हणायला लागली, "शून्य, शून्य, शून्य..."

तिसऱ्या शून्यावर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. ती थांबली. बाहेर उसाचा एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, तो जाईपर्यंत सगळे तसेच उभे होतो.

"अगं, हॉलतिकीट म्होरं व्हतं की!" उस्ताद जवळजवळ ओरडले. "लक्ष कुठं व्हतं तुझं?"

ती हळू म्हणाली, "सावधान व्हते, उस्ताद."

मी आयुष्यभर गणित शिकवलं, भाषा नाही. पण तो शब्द त्या दिवसापासून माझ्या डोक्यात किड्यासारखा बसला आहे. सावधान. स-अवधान. अवधानासकट. म्हणजे लक्ष देऊन. आणि आम्ही त्याचा अर्थ काय करून ठेवला होता, तर टाचा जुळव, मुठी आवळ आणि समोर असलेलं काही बघू नकोस. हात इतका शिकवला की त्याला डोळ्यांची गरजच उरली नाही. पळताना वर्ग म्हणायला शिकवलं ते बरोबरच होतं, अजूनही मी ते बरोबरच म्हणेन. शरीर चाललं तर डोकं चालतं, हे मी डोळ्यांनी बघितलं. पण सवय ही दोन्ही बाजूंनी चालते. एकीकडे ती दोनशे एकोणनव्वद देते आणि दुसरीकडे पाच शून्यं. परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकानं पेपरावर सही करताना नंबर का बघितला नाही, असंही पुष्कळ जण म्हणाले. तोही माणूसच. त्यालाही कुणीतरी भराभर सह्या करायला शिकवलं असेल.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं की ही पाच शून्यं माझी आहेत, माझा रविवार वाचावा म्हणून मी ती तुमच्या हातात घातली. या पोरीनं विचारलं होतं आणि मी 'बघू' म्हणाले. मी काय केलं? फळ्याकडे तोंड केलं आणि डस्टर उचललं. फळा कोरा होता. तरी मी तो पुसला. आणि पाठमोरीच म्हणाले, "अर्ज करू आपण. बघू."

अर्ज मीच लिहिला, चांगल्या अक्षरात. उत्तर आलं ते चार ओळींचं, नियमाच्या भाषेत. प्रतीक्षानं ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बनियन धुऊन परत केलं. एक्केचाळीस नंबर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. त्यानंतर एक हिवाळा मी कसाबसा काढला. दर रविवारी नवे नंबर दिले, रात्री जागून तपासले, पण वर्गात माझंच लक्ष लागेना. मग मी सोडलं. नंतर अकॅडमीही बंद पडली. आता त्या शेडमध्ये पशुखाद्याची पोती असतात.

गेल्या महिन्यात वरवंडच्या बाजारात उस्ताद भेटले. काठी टेकत चालतात. ज्यांनी साठ जणांना पळवलं त्यांना आता पिंपळाच्या पारापर्यंत जायला दोनदा थांबावं लागतं. चहा घेताना म्हणाले, "मॅडम, आपण हात लई चांगला शिकवला. डोळं ऱ्हायलं." मी मान हलवली. त्यांनी निम्मा दोष 'आपण' म्हणून स्वतःवर घेतला होता, आणि मूळ चूक तर माझी एकटीची होती. मग तेच म्हणाले, "ती एक्केचाळीस हाय ना, शिरूरकडं असती. आप्पा व्हते त्याच कंपनीच्या गेटवर. सिक्युरिटीत."

मी तीन आठवडे काढले. आज गुडघा दुखतोय, उद्या पाणी येणार आहे, परवा बघू. मग एका पहाटे मागच्या रस्त्यावरून ती पावलं गेली आणि त्यातलं कुणीतरी धापा टाकत दुसऱ्याला म्हणालं, "तिसरी फेरी, चल!" मी उठले आणि सकाळची शिरूर गाडी धरली.

भीमेच्या पुलावर धुकं होतं. पलीकडे पुन्हा ऊसच. न्हावऱ्याला गाडी बराच वेळ थांबली, खिडकीतून कुणी हुरडा विकत होतं. मी घेतला नाही. सांगायचं वाक्य मी मनात जुळवत होते. ते वाक्य मला गेली कित्येक वर्षं पाठ होतं, आणि पाठ असलेल्या वाक्यांवर माझा विश्वास उरला नव्हता.

गेटवर पोचले तेव्हा पाळी बदलत होती. दोनेकशे माणसांची रांग. गळ्यात कार्डं, हातात डबे. आणि रांगेच्या तोंडाशी प्रतीक्षा. निळा शर्ट, कमरेला पट्टा, केसांचा घट्ट अंबाडा. ती एकेक कार्ड हातात धरून वाचत होती, मग त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होती. रांग हळू सरकत होती. एक परप्रांती कामगार वैतागून म्हणाला, "मैडम, नंबर लिखा है ना कार्ड पे!"

"नंबर है," ती शांतपणे म्हणाली. "नाम बोलो."

त्यानं नाव सांगितलं. तिनं कार्डाशी ताडून बघितलं आणि मान हलवली. मागचा एक मराठी पोऱ्या दुसऱ्याला म्हणाला, "ह्या बाईची ड्युटी असली की धा मिनिटं लवकर निघावं लागतंय, राव." तिनं ते ऐकलं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

रांग संपेपर्यंत मी भिंतीला टेकून उभी राहिले. तिनं मला कधी बघितलं ते कळलं नाही. जवळ येऊन म्हणाली, "मॅडम! तुम्ही? कुणाला भेटायचंय?"

"तुला."

"मला?" ती हसली. वय दिसायला लागलं होतं तिच्या डोळ्यांशी. "तरीबी वहीत लिहावं लागतंय. नियम हाय. या."

गेटाच्या खोलीत टेबलावर ती जाड वही होती. तिनं रकाना धरला. "काम काय लिहू?"

माझं पाठ वाक्य गेलं ते गेलंच. मी म्हणाले, "चूक सांगायची होती. ती पाच शून्यं माझी होती, प्रतीक्षा. तू विचारलं होतंस आणि मी बघू म्हणाले. मला पेपर तपासायला सोपं जावं म्हणून... त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं."

तिनं पेन खाली ठेवलं नाही. वहीकडे बघतच म्हणाली, "ते मला तवाच कळलं व्हतं, मॅडम. तुम्ही कोरा फळा पुसला तवा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली." मग मान वर करून, अगदी बारीक हसून म्हणाली, "नावच तसलं हाय न्हवं माझं."

मला रडू आलं. तिनं पाण्याची बाटली पुढे केली, आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत ती गेटाकडे बघत राहिली. 'आप्पा कसे आहेत' हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. त्या खोलीत, त्या निळ्या शर्टासमोर, ते मला विचारवलं नाही.

"कामात वैयक्तिक लिहिते," ती म्हणाली. "नाव?"

"माझं?"

"व्हय. आम्ही मॅडमच म्हणायचो. कवा इचारलंच न्हाई कुणी."

सहा हिवाळे. मी त्यांना नंबरानं हाका मारल्या, हे मला रोज बोचत होतं. मलाही तिथे नाव नव्हतं, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी नाव सांगितलं. वडिलांचं, आडनाव, सगळं.

"सुलभा?" तिचे डोळे मोठे झाले. "गणिताच्या मॅडमचं नाव सुलभा? आरं देवा! आम्हांला तवा कळलं आसतं तर!" आणि तिच्या 'तिसऱ्या फेरी'वर वर्ग हसला होता, तशी ती मोकळी हसली. मग हसू आवरून तिनं एकेक अक्षर सावकाश लिहिलं, वही माझ्याकडे वळवली आणि पेन दिलं.

मी सहीच्या रकान्यावर पेन टेकवलं. आयुष्यभर मस्टरवर सह्या करून हात आपोआप तिथेच जातो. तिनं माझ्या मनगटावर अलगद दोन बोटं ठेवली.

"आधी वाचा, मॅडम. मग सही."

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि ती ओळ पहिल्या अक्षरापासून वाचायला लागले.